वैमानिकाचे दप्तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी एका सभासद भगिनीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावे, हा आपल्या मंडळाचा जुना परिपाठ आहे. आजवर लोणच्या-पापडांपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत पुष्कळ विषय येथे होऊन गेले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव लिहून घेतले आणि विषय विचारला. मी म्हटले, “वैमानिकाचे दप्तर.” त्या म्हणाल्या, “अहो, वैमानिकाला कसले दप्तर? तो काय शाळेत जातो?” भगिनींनो, हाच प्रश्न मीही एकदा केला होता, आणि त्याचे जे उत्तर मिळाले तेच आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. माझी शाळा सातवीपर्यंतची. तेव्हा यंत्राच्या पोटात काय चालते ते मी सांगू शकणार नाही. पण वही, नकाशा, हिशेब आणि माणसाचा विसराळूपणा या गोष्टी कोणत्याही गृहिणीला कळतात, आणि आजचा विषय मुख्यतः त्यांचाच आहे.

आपण कुर्ल्याची माणसे. विमान ही आपल्याला नवलाईची वस्तू राहिलेली नाही. विमान डोक्यावर आले की आपण तोंडातला शब्द तोंडातच ठेवतो आणि ते गेले की पुढे बोलू लागतो. लहान मुलेसुद्धा आता मान वर करीत नाहीत. पण त्या विमानाच्या तोंडाशी जी दोन माणसे बसलेली असतात, ती काय पाहून एवढे मोठे धूड नेमके धावपट्टीवर उतरवतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी वैमानिक आहे. पहाटेचे उड्डाण असले म्हणजे ती आमच्याकडे मुक्कामाला असते. तिच्याजवळची पिशवी अगदी लहान. मी विचारले, “एवढ्यात सारे मावते?” तेव्हा तिने शाळेच्या पाटीएवढी एक काचेची वस्तू काढून दाखवली आणि म्हणाली, “मावशी, हेच माझे दप्तर.” त्या वस्तूला टॅबलेट म्हणतात. आमच्या घरात टॅबलेट म्हणजे रक्तदाबाची गोळी एवढाच अर्थ माहीत होता, तेव्हा आधी थोडे हसणे झाले. मग तिने मला जे जे सांगितले आणि मी पुढे जे विचारून घेतले, ते असे.

रस्त्यावर पाट्या असतात, मैलाचे दगड असतात. काही नाही तर पानवाल्याला विचारता येते. आकाशात यांपैकी काहीच नाही. म्हणून प्रत्येक विमानतळाचे स्वतंत्र नकाशे असतात. उतरताना कोणत्या ठिकाणी किती उंचीवर असावे, आजूबाजूला डोंगर, मनोरे, इमारती किती उंच आहेत, कोणत्या रेडिओलहरीवर जमिनीवरच्या अधिकाऱ्याशी बोलावे, आणि धावपट्टी दिसलीच नाही तर कोणत्या बाजूने पुन्हा वर निघून जावे, हे सारे एका लहान पानावर बारीक अक्षरात छापलेले असते. एकेका मोठ्या विमानतळाची अशी कितीतरी पाने. शिवाय जमिनीवर विमान कोणत्या वाटेने न्यावयाचे त्याचा नकाशा निराळा. त्याखेरीज विमानाची स्वतःची जाडजूड पुस्तके: इंजिन बिघडले तर काय करावे, धूर निघाला तर काय करावे, इतके वजन आणि इतका उन्हाळा असेल तर विमान किती वेगाला उचलावे. हा सगळा ग्रंथसंभार चामड्याच्या पेटीवजा पिशवीत भरून वैमानिक उचलून नेत असत. तिचे वजन पंधरा-सोळा किलो. जुन्या वैमानिकांचे खांदे आणि पाठी त्यापायी धरत.

हे नकाशे सुरू कसे झाले त्याची कथा मोठी गोड आहे. अमेरिकेत एलरे जेपसन नावाचा एक तरुण टपालाची विमाने चालवीत असे. त्या काळी वाट दाखवणारे नकाशे नव्हतेच. वैमानिक खाली रेल्वेचे रूळ पाहत, नद्या पाहत, आणि ढगात सापडले की देवाचे नाव घेत. त्याचे कितीतरी सोबती असे डोंगरांवर आपटून गेले. १९३० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने दहा सेंटांची एक लहान काळी वही विकत घेतली आणि दिसेल ते टिपून ठेवू लागला. मैदान किती लांब आहे, कोणत्या बाजूला तारा आहेत, धुराडे किती उंच आहे. उंची नक्की कळावी म्हणून तो उंची मोजण्याचे यंत्र घेऊन टेकड्यांवर चढे, धुराड्यांवरही चढे. वाटेवरच्या शेतकऱ्यांचे टेलिफोन नंबरसुद्धा त्याने लिहून ठेवले होते, म्हणजे आभाळ कसे आहे ते निघण्यापूर्वी विचारता यावे. सोबतचे वैमानिक ती वही मागू लागले. तेव्हा १९३४ साली त्याने ती छापून दहा डॉलरला विकण्यास सुरुवात केली. धंदा घराच्या तळघरात. पुढे लग्न झाले, आणि त्याची पत्नी नादीन, जी स्वतः विमानात प्रवाशांची देखभाल करण्याचे काम करीत असे, ती या कामात त्याच्या बरोबरीने राबली. त्यातून मोठी कंपनी झाली, आणि जगभरचे वैमानिक त्या नकाशांना ‘जेप’ म्हणू लागले. १९९६ साली तो वारला. डेन्व्हरच्या विमानतळाच्या मुख्य इमारतीला त्याचे नाव आहे.

आपल्याकडेही प्रारंभ असाच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन लहानसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणून उतरवले, तेव्हा वाट दाखवणारी कोणतीही यंत्रे जमिनीवर नव्हती. त्या दिवसांशी ताडून पाहिले म्हणजे छापील नकाशाचे ते एक पान केवढे मोलाचे होते ते कळते.

परंतु नकाशा एकदा छापला म्हणजे संपले, असे नसते. जमीन जागची हलत नाही, पण जमिनीवरच्या गोष्टी रोज बदलतात. कोठे नवी इमारत उठते, कोठे बांधकामाची यारी उभी राहते, कोठे धावपट्टीचा तुकडा दुरुस्तीसाठी बंद होतो. आपल्या भागात पुनर्विकासाची गोष्ट निघाली की विमानतळाकडून उंचीची परवानगी किती मजल्यांची मिळेल, हा प्रश्न पहिला निघतो, हे आपण जाणतोच. ती उंची शेवटी वैमानिकासाठी जपावयाची असते. एवढेच नव्हे, धावपट्टीची नावेसुद्धा बदलतात! आपल्या विमानतळाच्या मोठ्या धावपट्टीच्या या टोकाला २७ म्हणतात, कारण होकायंत्रावर तिची दिशा सुमारे २७० अंशांची, म्हणजे मावळतीची. पण होकायंत्राची उत्तर दिशा पृथ्वीच्या पोटातल्या घडामोडींमुळे हळूहळू सरकते, आणि पुष्कळ वर्षांनी एखाद्या गावच्या धावपट्टीचा आकडा त्यामुळे बदलावा लागतो.

या बदलांसाठी साऱ्या जगाने एक वेळापत्रक ठरवले आहे. दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी, नवे बदल अमलात येतात. कागदाच्या काळात त्यासाठी वैमानिकाच्या घरी पातळ पानांची पाकिटे येत. मग त्याने बसून, यादी समोर धरून, कड्यांच्या वहीतले जुने पान काढावयाचे, नवे घालावयाचे, जुने फाडून टाकावयाचे. एक पान इकडचे तिकडे झाले तर घोटाळा. सुट्टीचा अर्धा दिवस यात जाई. भाची म्हणते, तिच्याबरोबरचे एक वयस्क कॅप्टन या कामाला अजून नावे ठेवतात. मात्र ते असेही म्हणतात, “कंटाळा येई खरा, पण काय बदलले ते हाताखालून जाई.” हे त्यांचे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवा; माझ्या सांगण्याचा गाभा त्यात आहे.

आता हे सारे दप्तर काचेत कसे गेले ते सांगते. आपणा बायकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट यात आहे. अमेरिकन एअरलाइन्समध्ये अँजेला मॅसन नावाच्या एक वैमानिक होत्या. कागदाची पिशवी काढून तिच्या जागी विजेवर चालणारे दप्तर असावे, ही कल्पना मांडून त्यांनी १९९९ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या वेळी आजच्यासारखे टॅबलेट बाजारात आलेलेही नव्हते. २००२ साली अमेरिकेच्या विमान खात्याने अशा दप्तरासाठी मार्गदर्शक नियम काढले. पुढे २०१० साली आयपॅड निघाला आणि चित्र पालटले. २०११ च्या ऑगस्टमध्ये युनायटेड कंपनीने आपल्या ११,००० वैमानिकांना आयपॅड देण्याचे जाहीर केले. त्यांनी तेव्हा दिलेला हिशेब ऐकण्यासारखा आहे. दर वैमानिकामागे सुमारे १२,००० पाने कमी होणार. सतरा किलोच्या कागदाऐवजी पाऊण किलोहूनही हलकी वस्तू येणार. वर्षाला १ कोटी ६० लाख पाने वाचणार. आणि तेवढे ओझे उचलावे लागत नाही म्हणून वर्षाला सुमारे १२ लाख लिटर इंधन वाचणार. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत, म्हणजे विमान उठताना आणि उतरतानासुद्धा, तो वापरण्याची परवानगी मिळाली. मग जगभर तीच वाट झाली. आपल्या देशातही विमान कंपनीला कागद उतरवून टॅबलेट घ्यावयाचा तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी लागते. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत तर असा पडदा वैमानिकाच्या बाजूला कायमचाच बसवलेला असतो.

याचे फायदे खरे आहेत, आणि मी ते हातचे राखून सांगणार नाही. रात्री मंद उजेडात बारीक अक्षर वाचताना डोळ्यांना होणारा त्रास गेला; दोन बोटांनी नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो. हवे ते पान शोधण्यास क्षणाचाही वेळ लागत नाही. पुष्कळ ठिकाणी जमिनीवर विमान सरकताना आपण नेमके कोठे आहोत ते नकाशावर ठिपक्याने दिसते, आणि धुक्याच्या दिवसांत त्याचे मोल फार. जगात सर्वांना नवा नकाशा एकाच दिवशी मिळतो. कोणाचे पाकीट टपालात अडकले, असे होत नाही. तेव्हा जुने तेच सोने आणि नवे ते सारे पितळ, असे म्हणण्यासाठी मी येथे उभी नाही.

पण वस्तू बदलली की चुकांची तऱ्हा बदलते. जुन्या चुका जातात आणि नव्या, अनोळखी चुका घरात येतात. त्यांची तीन उदाहरणे सांगते.

पहिले उदाहरण साधे आहे, आणि त्यात कोणाला इजा झाली नाही. २८ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकेत अमेरिकन एअरलाइन्सची कित्येक विमाने निघता निघता खोळंबली. कारण काय, तर वैमानिकांच्या आयपॅडमधला नकाशांचा कार्यक्रमच बंद पडू लागला. वॉशिंग्टनच्या एका विमानतळाचा एकच नकाशा त्यात दोनदा आला होता. यंत्राला तो दुहेरीपणा सोसेना. काही विमाने धावपट्टीच्या वाटेवरून परत फिरली, वैमानिकांनी तो कार्यक्रम पुसून पुन्हा भरला, तेव्हा काम सुरळीत झाले. कागदाच्या दप्तरात एखादे पान दोनदा आले असते तर वैमानिकाने एक काढून टोपलीत टाकले असते. येथे एका पानाने सारे दप्तर मिटले. आणि दोन वैमानिकांचे दोन आयपॅड असूनही उपयोग नव्हता, कारण दोहोंत तोच कार्यक्रम होता. घरात दोन दिवे असावेत पण दोन्ही एकाच तारेवर, तशातली गत. म्हणजे जोडीला ठेवलेली वस्तू नुसती दुसरी असून भागत नाही, ती वेगळी असावी लागते.

दुसरे उदाहरण आकड्याचे आहे. विमान उठण्यापूर्वी त्याचे एकूण वजन यंत्रात भरतात. मग यंत्र सांगते की इंजिनाला जोर किती द्यावा आणि किती वेगाला नाक उचलावे. २० मार्च २००९ च्या रात्री ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून एमिरेट्स कंपनीचे मोठे विमान दुबईला निघाले. आत माणसे २७५. विमानाचे वजन होते ३६२.९ टन. लॅपटॉपमध्ये भरले गेले २६२.९ टन. तीनच्या जागी दोन, एवढाच काय तो फरक! पण तो शंभर टनांचा, म्हणजे दहा-दहा टन भरलेल्या दहा ट्रकांचा. यंत्राने दिलेल्या आकड्याचे उत्तर अचूक काढले. पुढच्या तपासण्यांतही ती चूक कोणाच्या ध्यानात आली नाही. विमान धावू लागले, नाक उचलले, आणि शेपूट धावपट्टीवर घासत गेले. कॅप्टनने इंजिनाला पूर्ण जोर दिला म्हणून धावपट्टी संपता संपता विमान कसेबसे उठले. पलीकडचे दिवे आणि यंत्रे यांना त्याचा धक्का लागला. पुढे समुद्रावर फेऱ्या मारून, इंधन सांडून, ते सुखरूप परत उतरले. २७५ माणसे वाचली, आणि ती अगदी थोडक्यात वाचली.

त्याच्याआधी, १४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडात हॅलिफॅक्स येथे मालवाहू विमानाच्या सात जणांना मात्र असे भाग्य लाभले नाही. तेथील चौकशीत असा निष्कर्ष निघाला की, लॅपटॉपमध्ये बहुधा आधीच्या उड्डाणाचे, म्हणजे हलक्या विमानाचे, वजन तसेच राहिले आणि त्यावरच पुढचा हिशेब झाला. विमान नीट उठलेच नाही, आणि सातही जण गेले. भगिनींनो, पाटीवरचे जुने गणित न पुसता त्याखालीच नवे उत्तर मांडावे, तसे हे झाले. फरक इतकाच की पाटीवरचे जुने आकडे डोळ्यांना दिसतात.

पूर्वी तक्त्यात बोट ठेवून आडव्या ओळीतून उभ्या ओळीत जावे लागे. त्यात वेळ जाई, आणि चुकाही होत. पण बोट ज्या रकान्यावर थांबे त्याच्या शेजारचे रकानेही नजरेस पडत. आपण किती जड आहोत याचा अंदाज माणसाच्या मनात तयार होई. आपल्यालाही हे ठाऊक आहे. भाजी घेताना मनात हिशेब करणारी बाई, भाजीवाल्याच्या यंत्राने पन्नासऐवजी दीडशे दाखवले तर लगेच म्हणेल, “थांबा!” जिने मनात काही धरलेलेच नाही, ती पैसे देऊन मोकळी होईल.

तिसरे उदाहरण सर्वांत दुःखाचे आहे, आणि त्यात कागद आणि यंत्र दोन्ही होते. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशातील काली या शहराकडे एक विमान चालले होते. दोन्ही बाजूंना उंच डोंगर. वाटेवर रोझो नावाचे ठिकाण होते. छापील नकाशावर त्याची खूण ‘आर’ या एका अक्षराने दिली होती. वैमानिकांनी विमानाच्या यंत्रात ‘आर’ भरले. पण यंत्राच्या यादीत त्या अक्षरावर पहिले नाव होते रोमिओ, म्हणजे दूर बोगोटा शहराजवळचे ठिकाण. रोझो हवे असेल तर यंत्रात पूर्ण नाव लिहावे लागे. विमान हुकमाप्रमाणे वळले, अंधारात डोंगराकडे. १६३ जणांपैकी १५९ मृत्युमुखी पडले. त्या रात्री चुका आणखीही झाल्या होत्या, घाई होती, बोलण्यात गोंधळ होता. पण कागद एका नावाने हाक मारतो आणि यंत्र त्याच नावाने दुसऱ्यालाच ओ द्यायला लावते, ही गोष्ट मला फार लागली. तुमच्या मोबाईलमध्ये दोन सुमन असतील, एक शेजारची आणि एक कोल्हापूरची, तर घाईत कोणाला घंटा जाईल? आपल्याकडे फार तर हसे होते. तेथे घरेच्या घरे उजाड झाली.

ही उदाहरणे ऐकून तुम्ही म्हणाल, मग कागदच बरा होता. मीही भाचीला तसेच म्हटले. तिने सांगितलेले उत्तर मला पटले. ती म्हणाली, “मावशी, कागद होता तेव्हा काही सावधपणा आपोआप घडत असे. आता तो ठरवून करावा लागतो, एवढेच.” मग तिने तो कसा करतात ते सांगितले.

विमानात दोन वैमानिक, आणि दोघांचे दोन टॅबलेट. निघण्यापूर्वी दोघेही पाहतात की विद्युत पुरेशी भरली आहे ना, आणि नकाशे चालू २८ दिवसांचेच आहेत ना. वजनाचा हिशेब एकाने करून दुसऱ्याने मान डोलवावयाची, असे नाही. दोघांनी आपापल्या टॅबलेटवर स्वतंत्र करावयाचा आणि मग मोठ्याने वाचून ताडून पाहावयाचा. एकाच्या वहीत पाहून दुसऱ्याने उतरवले तर चूकही उतरते, हे आपल्या मुलांच्या गृहपाठावरून आपण जाणतोच. शिवाय आलेला आकडा मनाला पटतो का, याच विमानाला, एवढ्याच माणसांना, रोज साधारण किती येतो, हेही पाहावयाचे. उतरण्यापूर्वी नकाशातले मुख्य मुद्दे एकमेकांना बोलून दाखवावयाचे. पडदा बंदच पडला तर जोडीदाराचा असतो, आणि आकाशवाणीच्या यंत्रावरून जमिनीवरचा अधिकारी वाट सांगू शकतो. टॅबलेटच्या बॅटरीने पेट घेतला तर काय करावे, याचीसुद्धा तालीम असते. कागदाच्या दप्तराला हे भय नव्हते.

आणि दोन गोष्टी मला विशेष आवडल्या. एक अशी की अमेरिकेत कंपन्यांना कागद एकदम काढून टाकण्याची मुभा नव्हती. साधारण सहा महिने कागद आणि टॅबलेट दोन्ही बरोबर ठेवून, काय बिघडते, कोठे अडते ते टिपून, मगच कागद उतरवावयाचा असा शिरस्ता होता. दुसरी अशी की आजही कितीतरी विमानांत आणीबाणीचे एक पुस्तक छापील स्वरूपात हाताशी ठेवलेले असते. इंजिन बंद पडले, आग लागली, तर ते उघडावयाचे. इतके सारे काचेत गेले तरी ते पुस्तक जागचे हललेले नाही. घाईच्या वेळी, हात थरथरत असताना, जे लागणार ते सर्वांत साधे आणि ठरल्या जागी असावे, हे शहाणपण त्यामागे आहे. आपण काडेपेटी आणि मेणबत्ती ठरल्या फळीवर ठेवतो ती याच कारणाने.

आता हे सारे मी आज आपल्या मंडळात का सांगते, तेही बोलून टाकते. आपल्या बचत गटाच्या वह्या बंद करून सारा हिशेब मोबाईलवर ठेवावा, असा ठराव पुढच्या सभेपुढे यावयाचा आहे. तरुण भगिनींचा त्याला आग्रह आहे आणि वयस्क भगिनींना धास्ती आहे. परवा जिन्यात यावरून दोघींचे बोलणे थोडे तापलेही. ही आपल्या घामाची पुंजी आहे. कोणाच्या मुलीची फी, कोणाचे औषधपाणी त्यात आहे. माझे मत विचाराल तर मोबाईल अवश्य आणावा. तरुण मुलींना वह्यांचे ओझे कशाला? पण वैमानिकांनी आपले दप्तर जसे बदलले, तसा बदल करावा. पहिले सहा महिने वही आणि मोबाईल दोन्ही चालवावे. दर महिन्याला दोघींनी निरनिराळ्या बसून बेरीज करावी आणि मग सभेत मोठ्याने वाचून ताडून पाहावी. हिशेबाची दुसरी प्रत त्याच मोबाईलमध्ये न ठेवता वेगळीकडे ठेवावी. नावे पूर्ण लिहावी. आपल्यात तीन शोभा आहेत. आणि दवाखाना, रुग्णवाहिका, अग्निशमन यांचे नंबर मंडळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात कागदावरच राहू द्यावे. ज्या भगिनींना पडदा वाचता येत नाही त्यांना त्यांचा आकडा दर महिन्याला तोंडी सांगावा, म्हणजे आपले पैसे कोठे आहेत हे त्यांच्याही हाताखालून जाईल.

वह्या सांभाळणाऱ्या आमच्या वयस्क भगिनींना मला एवढेच म्हणावयाचे आहे की, तुमचे काम वाया गेलेले नाही. दहा सेंटांच्या त्या काळ्या वहीत जेपसनने जे लिहिले, त्याच जातीची माहिती आज माझ्या भाचीच्या पाटीत आहे. धुराड्याची उंची कोणीतरी चढून मोजली होती, म्हणूनच ती पडद्यावर उमटते. आणि तरुण भगिनींना सांगणे असे की, वैमानिकाच्या दप्तराचे वजन सतरा किलोंवरून पाऊण किलोच्या आत आले, त्याच्या पाठीशी बसलेल्या माणसांचा भार मात्र एका तोळ्यानेही कमी झाला नाही.